रबाळ्याहून उंबरगावला जातोय, कंपनी बंद करावी लागेल का?

रबाळेकर:
रबाळे एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात २ सीएनसी, १ व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातुकामाची मशीनं). प्रायव्हेट लिमिटेड, मी आणि बायको डायरेक्टर. भाडं इतकं वाढलंय की जॉबवर्कच्या दरात हाती काही उरत नाही. मावसभावाची गुजरातेत उंबरगाव जीआयडीसीतली (तिकडची एमआयडीसी) शेड रिकामी आहे, तिकडे जायचं ठरलंय. एक सल्लागार म्हणतो, राज्य बदललं की कंपनी बंद करून गुजरातमध्ये नवी काढा. १२ वर्षांची कंपनी आहे हो, एकेका व्हेंडर कोडसाठी (मोठ्या कंपन्यांकडची पुरवठादार म्हणून नोंद) चपला झिजवल्यात.

महापेवाला:
अजिबात बंद करू नका. मी महापे सोडून वापीला गेलो, कंपनी अजून ऐरोलीच्या घरच्या पत्त्यावर आहे. कारखाना परराज्यात गेला म्हणून नोंदणीकृत कार्यालय हलवावं लागत नाही. ते हलवायचं तर विशेष ठराव, कंपनी खात्याच्या प्रादेशिक संचालकांकडे आयएनसी-२३ फॉर्म, दोन पेपरांत जाहिरात, देणेकऱ्यांना नोटिसा, शेवटी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांकही बदलतो. कुणी सांगितलाय हा उपद्व्याप?

जीएसटी मात्र राज्यागणिक वेगळा. आधी गुजरातचा नंबर घ्या, पॅन तोच. मग मशीनचं टॅक्स इनव्हॉइस इथल्या नंबरवरून तिकडच्या नंबरवर करा. कंपनी एकच असली तरी जीएसटीच्या लेखी हे दोघे परके. त्यावरचा आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) इथे साठलेल्या क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून भरता येतो आणि तिकडे क्रेडिट म्हणून मिळतो. म्हणून इथला नंबर घाईने रद्द करू नका, लेजरमध्ये (पोर्टलवरच्या खात्यात) उरलेलं क्रेडिट आपोआप राज्य ओलांडत नाही.

आमचा ट्रक घोडबंदरला गायमुखच्या चढावर बसला. क्रेन मागवून मशीन दुसऱ्या गाडीत चढवलं, पण ई-वे बिलाच्या (माल नेण्यासाठी लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) पार्ट-बीमध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलात, नवा गाडी नंबर टाकायचं राहिलं. मनोरच्या पुढे तपासणीत अडकलो. रात्रभर ड्रायव्हर आणि मी, दोघांत एक वडापाव.

घणसोलीची ताई:
दादा, मशीनवर कर्ज आहे का? तारण मशीन बँकेला न विचारता हलवू नका, लेखी एनओसी घ्या, विम्यातही पत्ता बदला. आणि नवं उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) काढू नका, आहे त्यातच तिकडचं युनिट जोडा.

रबाळेकर:
व्हीएमसीचे १४ हप्ते बाकी आहेत. बँकेचं डोक्यातच नव्हतं, सोमवारी जातो. कंपनीचा पत्ता घरी, कळव्याला आणतो. घर आईच्या नावावर आहे, चालेल ना?

महापेवाला:
चालेल. आईंचं ना-हरकत पत्र आणि ताजं लाइट बिल लावा, २ महिन्यांपेक्षा जुनं नको. पत्ता बदलाचा फॉर्म आयएनसी-२२ सीएकडून भरून घ्या.