फौंड्रीतली नोकरी सोडून नाटकात जाऊ काय?

खानापूरचा_पोरगा
वय २२. आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत लागलोय, दोन वर्षं झाली. गावच्या यात्रेतल्या नाटकात सहा वर्षं काम करतोय. २०१५ ला बेळगावात नाट्यसंमेलन भरलं तेव्हा सहावीत होतो. मामानं नेलं होतं, अध्यक्ष फैयाजबाईंना लांबून बघितलं आणि तेव्हापासून डोक्यात हेच आहे. आता पुण्याच्या एका व्यावसायिक नाटकात बदली नट म्हणून विचारलंय. दीड महिना तालीम, तिचे पैसे नाहीत. मूळ नट नसेल तेव्हा प्रयोगाला उभा राहिलो तर नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे. आई रडायला लागलीय. ह्याच्यावरच जे जगतात त्यांनी सांगा, भागतं काय?

तिसरी_घंटा
बाळ, ३१ वर्षं हेच करतोय. घर बेळगावात, कामं निपाणीपासून चंदगडपर्यंत.

पैशाचं आधी. आम्हाला पगार नाही, नाईट. प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर गाडीभाडं आपलंच. माघ ते वैशाख यात्रांचा हंगाम, त्यात मिळवायचं आणि पावसाळा त्याच्यावर काढायचा. पावसात मी पडदे रंगवतो, गणपतीचे देखावे करतो, नंतर शाळांची गॅदरिंग बसवतो. नुसत्या अभिनयावर घर चाललं अशी वर्षं ३१ मधली चार.

२००९ च्या हंगामात लागोपाठ पाच रात्री केल्या. सहाव्या रात्री दुसऱ्या अंकात आवाज गेला. ओठ हलतायत, पण पुढच्या रांगेलाही काही पोचत नाही. घशात स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. डॉक्टरांनी सहा आठवडे बोलायचं बंद केलं. पोरीच्या पाटीवर लिहून घरात बोलायचो, मीठ हवं तरी लिहून. अकरा नाईट गेल्या. माझ्या जागी दुसरा उभा राहिला आणि नाटकं झाली, ती व्हायलाच पाहिजेत. त्याचा राग नाही. राग आहे तो ठेकेदाराचा, आधीच्या चार नाईटचे पैसे त्यानं आजवर दिले नाहीत.

आता कामाचं. यात्रेच्या स्टेजवर वरून तीन माईक लोंबतात. आपण सगळे माईकखाली येऊन बोलायला शिकलो. आईचं प्रेत डावीकडे पडलेलं असतं आणि आपण मधल्या माईकखाली समोर तोंड करून हंबरडा फोडतो. मधेच बक्षिसाची घोषणा झाली की रडणं थांबवून हात जोडतो. गावाला ते चालतं, त्यात गावाची माया असते. पण पुण्यात पहिल्या दिवशीच दिसेल की तुझे पाय माईक शोधतायत. मला ती खोड मोडायला दोन वर्षं लागली.

खरं शिकलो ते बदामीला. बनशंकरीच्या जत्रेत कन्नड कंपन्यांचे तंबू पडतात, तिथं एका कंपनीत महिनाभर होतो. एकाच दिवसात तेच नाटक तीनदा. पहिल्या खेळाला रडू आपोआप येतं. रात्री एकच्या तिसऱ्या खेळाला काहीच येत नाही, आणि तिकीट काढून बसलेला सौंदत्तीकडचा शेतकरी तर पहिल्यांदाच बघतोय. त्याच्यासाठी श्वास कुठं तोडायचा, मान कधी खाली घालायची, हे ठरवून करावं लागतं. मला हे काम आवडतं ते त्या तिसऱ्या खेळासाठी.

आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल उभं केलं ते सरकारी नोकरीत असतानाच. राजीनामा देऊ नकोस. बिनपगारी रजा माग. आणि निर्मात्याला स्पष्ट विचार, थिएटरच्या किती तारखा हातात आहेत, आणि बदली नटाला प्रयोग नसला तरी दौऱ्यावर नेणार काय.

मिरजेची_मावशी
मी तुमच्या भागात स्त्री पात्र म्हणून येते. चिक्कोडी, खानापूर, सगळीकडे. नाईट ठरवतानाच जेवण, गाडी आणि रंगायला कडी असलेली खोली बोलून घेते. हे आधी बोलायला मला दहा वर्षं लागली. दाढी चिकटवलीस तर ओढून काढू नकोस रे, खोबरेल तेल मुरू दे. पहाटे चारला झोप डोळ्यांवर असते, तेव्हाच पोरं चामडी सोलून घेतात.

परत_आलेला
मी गेलो होतो. चौदा महिने बदली नट, उभा राहिलो दोनदा. एका खोलीत पाच जण. तरी विंगेत उभं राहून तेच नाटक साठ-सत्तर वेळा बघायला मिळालं, ते मला कोणी फुकट दिलं नसतं. आता बेळगावात दुकान आहे, संध्याकाळी तालीम घेतो. जा, पण चौदा महिन्यांचं भाडं बाजूला काढून जा.

खानापूरचा_पोरगा
निर्मात्याला फोन केला. पहिल्या महिन्यात पाचच तारखा आहेत. दौऱ्याचं नक्की नाही म्हणाले. सुपरवायझर साहेब दीड महिना रजा देतो म्हणालेत, लेखी द्या म्हणून बसलोय. काका, माईकची खोड कशी मोडली?

तिसरी_घंटा
लिहून सांगून जमणार नाही. रविवारी दुपारी ये, पहिला अंक पाठ करून. आमच्या घरामागं लांब परसू आहे. तू विहिरीपाशी उभा राहा, मी फणसाखाली बसतो. ओरडायचं नाही, नेहमीच्या आवाजात बोलायचं. शब्द पोचला नाही की हात वर करीन.