मदत हवी आहे: पद्मिनीचे हेडलाइट मंद, ब्रेक दाबला की टेललाइट विझतो

पद्मिनी_७६
गाडी १९७६ची प्रीमियर पद्मिनी. १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला), डायनामो (बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर) मूळचाच. नुकतंच पूर्ण डेंटिंग-पेंटिंग झालंय, तक्रारी त्यानंतरच्या. दोन्ही हेडलाइट पिवळट आहेत. ६०/५५ वॅटचे नवे बल्ब घातले, फरक शून्य. पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला की मागचा डावा टेललाइट जवळजवळ विझतो आणि डावा इंडिकेटर मिणमिणतो. आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवाही किंचित पेटतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळी वायरिंग बदला आणि अल्टरनेटर बसवा. खर्चात पडण्याआधी काय तपासू?

तांब्याची_तार
पेंटिंगनंतर सुरू झालं म्हणताय, म्हणजे पहिला संशय अर्थवर. रंगाच्या थरावर बोल्ट आवळला तर दिसायला घट्ट, पण करंटला वाट नाही.

मागच्या डाव्या दिव्याचं तर जवळजवळ नक्कीच. टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही एकाच सांगाड्यातून अर्थ घेतात. तो अर्थ तुटला की ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरमार्गे बॉडी गाठतो. म्हणून मिणमिण. टेलच्या फिलामेंटला तेव्हा दोन्ही टोकांना प्लसच मिळतो, म्हणून तो विझतो. खात्रीसाठी पार्किंग बंद ठेवून ब्रेक दाबा. उजवा टेललाइट अंधूक पेटला तर निदान पक्कं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून लांब वायर आणून होल्डरच्या पत्र्याला टेकवा. सगळं सुरळीत झालं तर बाकी काही उघडायची गरज नाही.

हेडलाइटसाठी मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद, लो बीम चालू, बल्ब सॉकेटला जोडलेलाच हवा. सॉकेट काढून मोजलंत तर १२ व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही फसाल. करंट वाहत नसेल तर ड्रॉप (वाटेत पडणारं व्होल्टेज) दिसतच नाही. तीन आकडे द्या: बॅटरीवर किती, बॅटरी प्लस ते बल्बचा प्लस किती, बल्बची अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह किती.

डिपर
लाल दिव्याचं मनावर घेऊ नका. आयडलिंगला डायनामो पुरेसा फिरत नाही, तो त्याचा स्वभावच. रेस वाढवल्यावर बॅटरीवर १३.५ ते १४.२ येतंय का पाहा. येत नसेल तर बेल्ट, ब्रश आणि कटआउटचे (डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट, याच क्रमाने.

पद्मिनी_७६
बॅटरी १२.४. प्लस बाजूचा ड्रॉप १.३, अर्थचा ०.८. रेस वाढवल्यावर १३.८. पार्किंग बंद ठेवून ब्रेक दाबला, उजवा टेललाइट खरंच मिणमिणला.

तांब्याची_तार
म्हणजे बल्बपर्यंत १०.३ पोचतात. व्होल्टेज एवढं पडलं की उजेड निम्म्यावर येतो, बल्ब कितीही नवा असो. वायरिंग बदलायचं कारण यात मला दिसत नाही.

अर्थ आधी. बॅटरी निगेटिव्ह सोडा. बॉडीवरच्या प्रत्येक अर्थ बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळल्यावर *वरून* व्हॅसलीन. हेडलाइटपासून २.५ चौ. मिमीची काळी वायर बॉडीपर्यंत ओढा, मागच्या होल्डरला १.५ पुरेल. इंजिन-ते-बॉडी पट्टीही पाहा, रंगाऱ्याने सोडून परत लावलेली नसते बऱ्याचदा.

प्लस बाजूचे १.३ व्होल्ट हेडलाइटचा स्विच, डिपर (लो-हाय बदलणारा स्विच) आणि फ्यूजच्या क्लिपा मिळून खातात. ६० वॅटच्या दोन बल्बांचे १० अँपिअर त्या जुन्या स्विचमधून जातात. क्लिपा घासून पाहा, पण कायमचा इलाज रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच): लो आणि हायला एकेक. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरी प्लस, ८७ बल्बला, ८६ला डिपरकडून आलेली जुनी वायर, ८५ अर्थ. प्रत्येकाला १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरातच. फ्यूज लांब लावलात तर मधली वायर बॉडीला घासल्यावर तिला आवरायला कोणी नाही.

कार्बो_सफाई
आणि १००/९०चे बल्ब घालू नका. दुकानदार आग्रह करतो, पण होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर काळवंडतो.

पद्मिनी_७६
मागचे इंडिकेटर एलईडी केले तर डायनामोवरचा भार कमी होईल का?

डिपर
जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बल्बच्या करंटवर तापून टिकटिकतो. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर, त्यावर तो बेतलेला. एलईडी घातलात तर इंडिकेटर नीट लुकलुकणार नाही; इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागेल. आणि भार वाचतो तो फक्त वळताना. त्यापेक्षा टेल आणि डॅशबोर्डचे दिवे एलईडी करा, ते रात्रभर चालू असतात. टेलसाठी लाल एलईडीच घ्या; पांढरा लाल काचेमागे फिका दिसतो.