रडू येईपर्यंत ताणा म्हणणाऱ्यांना

ताठकणा: ‘जिथे रडू येतं तिथून खरी लवचिकता सुरू होते’ अशी एक पोस्ट कालपासून फिरते आहे. खाली शेकडो लोक माना डोलावताहेत, म्हणून लिहायला बसलो. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा लांब होतच नाही. मेंदू तो ताण सहन करायला शिकतो, म्हणून हात पुढे पोहोचतो. झटके देऊन ओढलंत तर स्नायू उलट आखडतो. एका वेळी १५ ते ३० सेकंद, दोन-चार वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. ताण जाणवावा, श्वास अडकू नये. बहुतेकांना एवढं पुरतं.

रानवाट: खुर्चीत बसणाऱ्यांना पुरत असेल. नाचणाऱ्यांना, जिम्नॅस्टना एवढ्यावर स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय सरळ फाकवून जमिनीला टेकणं, येत नाही. सोसावं लागतंच.

मंजिष्ठा: किती सोसायचं हे कोण ठरवणार? आमचे सर पुढे वाकलेल्या माणसाच्या पाठीवर अंगाचं वजन टाकायचे. मला बसताना टेकतं त्या हाडापाशी दुखायला लागलं, तर म्हणाले, ‘अजून ताणा, मोकळं होईल.’ कसलं मोकळं! वाकलं की तिथली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडावर दाबली जाते, म्हणजे दुखणं रोज वाढणार. फिजिओथेरपिस्टने आधी ते ताणणं बंद करायला लावलं, मग हळूहळू वजनं उचलायला दिली. तेव्हा कुठे नीट बसता आलं.

रानवाट: एका शिक्षकावरून सगळ्यांना झोडपू नका. माझ्या बाई खांद्याला हात लावतात म्हणूनच मला कळतं, कुठे अडतंय ते.

मंजिष्ठा: हात लावणं आणि वजन टाकणं एकच का? आणि तुमच्या बाई आधी विचारतात ना? आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

सैलसांधा: माझं कोपर उलटं वाकतं, अंगठा सहज मनगटाच्या आत टेकतो. प्रत्येक वर्गात मलाच पुढे बोलावून दाखवतात, वरून आणखी दाबतात. अशा सांध्यांना ताण नको, ताकद हवी. दाबणाऱ्याला काही अडल्यासारखं लागत नाही, म्हणून त्याला वाटतं सगळं छान चाललंय. मला याची मनापासून चीड येते.

रानवाट: बरं, न विचारता दाबू नये, हे मान्य. त्यापुढे एक शब्द मान्य नाही. मी रोज ताणते आणि रोज ताणणार.

ताठकणा: रोज ताणा हो, कुणी अडवलंय? पायात मुंग्या आल्या तर थांबा, तिथे नस ओढली जाते. दुसऱ्या दिवशीही दुखलं तर आदल्या दिवशी जास्त झालं. आणि वेगात धावायच्या किंवा उडी मारायच्या आधी एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त ताणून धरू नका, जोर थोडा कमी पडतो. तेव्हा पाय झुलवून अंग गरम करा.

रानवाट: मुंग्यांचं ऐकेन. रोजच्या दुखण्याचं मला सांगू नका, ते मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते.

मंजिष्ठा: मलाही तसंच वाटायचं. बसताना त्या हाडापाशी दुखतं का, तेवढं सांगा.