आफ्रिकेतला बालकर्करोग : सगळा निधी औषधांवर घालावा का?

रानवारा

मलावी आणि युगांडातल्या बालकर्करोग विभागांना मदत करू पाहणाऱ्या एका छोट्या गटासाठी टिपण तयार करतोय. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात आणि गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी, हे आकडे सगळ्यांना माहीत आहेत. त्यामुळे गटातल्या बहुतेकांचं म्हणणं आहे की सगळे पैसे केमोच्या औषधांवर घालावेत. मला ते पटत नाहीये, पण नेमकं काय मांडावं ते कळत नाही. औषधं हातात असूनही मुलं नक्की कुठे हातातून निसटतात? प्रत्यक्ष उपचारांची माहिती असलेल्यांनी कृपया तपशिलात लिहावं.

कडुलिंब

तुमची शंका योग्य आहे. विल्म्स ट्युमर, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडातली गाठ, हे उदाहरण घ्या. याची औषधं जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि आजार बरा होण्यासारखा आहे.

पोटात गाठ लागली की सोनोग्राफी करायची. मुलाचं वय, सोनोग्राफी आणि तपासणी जुळत असेल तर पोट उघडून तुकडा काढायचा नाही, कारण गाठ फुटली तर आजार वरच्या टप्प्यात जातो आणि रेडिओथेरपी लागते. ती तिथे बहुतेक ठिकाणी मिळतच नाही. गाठ पसरलेली नसेल तर शस्त्रक्रियेआधी चार आठवडे केमो : विनक्रिस्टीन दर आठवड्याला, शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला १.५ मि.ग्रॅ. (एका वेळी २ मि.ग्रॅ.च्या वर नाही), आणि ॲक्टिनोमायसीन-डी पहिल्या व तिसऱ्या आठवड्यात किलोमागे ४५ मायक्रोग्रॅम. फुफ्फुसात गेलं असेल तर सहा आठवडे, आणि सोबत डॉक्सोरुबिसिन. त्यानंतर शस्त्रक्रिया.

घात इथे होतो. तीन-चार आठवड्यांत गाठ निम्मी होते, पोर खेळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, झालं बरं. त्यातच शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली गेली की कुटुंब गावी जातं. परत येतं तेव्हा गाठ पहिल्यापेक्षा मोठी असते आणि आधीच्या औषधांना दाद देत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख केमोच्या पहिल्याच दिवशी सर्जनकडून पक्की करून घ्यायची. याला औषधाचा एक पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट कुपोषण. गाठच एखाद-दोन किलोची असू शकते, त्यामुळे वजनकाटा फसवतो. दंडघेर मोजायचा. पाच वर्षांखालच्या मुलाचा ११५ मि.मी.पेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण समजा. मलावीतल्या अभ्यासात दिसलं की अशा मुलांच्या शरीरातून विनक्रिस्टीन सावकाश बाहेर पडतं. पूर्ण डोस दिला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, जंतुसंसर्ग होतो आणि मूल उपचारानेच दगावतं. त्यामुळे डोस दोन तृतीयांशावर आणतात आणि पहिल्या दिवसापासून उपचारात्मक आहार सुरू करतात.

मलावी, कॅमेरून, घाना, इथिओपिया अशा देशांतल्या काही रुग्णालयांनी २०१४ पासून हे सगळं एकाच पद्धतीने करायला घेतलं, सोबत प्रवासखर्च आणि राहण्याची सोयही दिली. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण २३ टक्क्यांवरून १२ वर आलं, उपचारादरम्यानचे मृत्यू २१ वरून १३ वर. एकही नवं औषध न आणता.

शंखपुष्पी

कडुलिंब यांच्या मुद्द्याला बर्किट लिम्फोमाची, म्हणजे लसिका पेशींच्या झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाची, जोड देते, कारण पूर्व आणि मध्य आफ्रिकेत, मलेरियाच्या पट्ट्यात, मुलांमध्ये हा फार दिसतो. डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये याचं वर्णन केलं ते कंपालाच्या मुलागो रुग्णालयातल्या मुलांवरून. तिथेच १९६७ मध्ये युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झालं. मुख्य औषध सायक्लोफॉस्फमाइड, तेव्हाही आणि आजही, आणि ते महाग नाही. मलावीत निव्वळ या औषधाच्या मोजक्या डोसांवर आणि पाठीच्या मणक्यातून दिलेल्या मेथोट्रेक्सेटवर जवळपास निम्मी मुलं वाचवली गेली आहेत.

ही गाठ २४ ते ४८ तासांत दुप्पट होऊ शकते. बायोप्सीच्या अहवालासाठी तीन आठवडे थांबणं म्हणजे मूल गमावणं. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून त्याच दिवशी काचपट्टी बघणारा माणूस हवा. चांगला सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यावर घातलेला पैसा इथे औषधाइतकाच मोलाचा आहे.

पहिला डोस गेल्यावर गाठ इतक्या झपाट्याने विरघळते की पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात उसळतं. मूत्रपिंड बंद पडतं किंवा हृदय थांबतं. म्हणून डोसच्या आदल्या दिवसापासून सलाइन, चौरस मीटरला दिवसाला ३ लिटर, त्यात पोटॅशियम अजिबात नाही, आणि युरिक ॲसिड कमी ठेवणारं अॅलोप्युरिनॉल. लघवी तासाला चौरस मीटरमागे १०० मि.लि. तरी व्हायला हवी, आणि ती मापाच्या भांड्यात मोजून कागदावर लिहायला हवी. मूल दगावतं ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. पन्नास खाटांना एक नर्स, बाटली दोन वाजता संपलेली आणि सकाळी सातपर्यंत कोणाच्या लक्षात नाही. आईला भांडं कसं वाचायचं, बाटली संपत आली की कोणाला उठवायचं हे शिकवलेलं असेल तर फरक पडतो. रात्रपाळीला एक जास्तीची नर्स असेल तर त्याहून जास्त पडतो.

ताप हा तितकाच मोठा शत्रू. केमो चालू असताना ३८.५ अंश ताप आला की तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. तिथे हमखास होणारी चूक अशी : मलेरियाची चाचणी पॉझिटिव्ह येते, मलेरियाची गोळी देतात आणि थांबतात. मलेरिया असला तरी रक्तातला जंतुसंसर्ग सोबत असू शकतो. दोन्ही उपचार एकदमच द्यायचे.

आणि विनक्रिस्टीन कधीही सिरिंजमध्ये भरून ठेवू नये. ५० मि.लि.च्या पिशवीत मिसळून ठेवावं. मणक्यात द्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या शेजारी दोन सारख्या सिरिंज असल्या आणि अदलाबदल होऊन विनक्रिस्टीन मणक्यात गेलं तर मूल वाचत नाही.

रानवारा

दोघांचेही मनापासून आभार. उपचार सोडून जाण्याबद्दल अजून विचारतो. गटात काहीजण म्हणतात, अज्ञान आहे, समुपदेशन वाढवा. तेवढ्याने भागेल?

मोजपट्टी

अज्ञान हा शब्द आधी टिपणातून काढा. बहुतेक कुटुंबं हिशेब करूनच जातात. उपचार सहा महिने, रुग्णालय बसने एक दिवसाच्या अंतरावर, घरी आणखी चार पोरं, आणि पेरणीचे दिवस. केनियात तर बिल थकलं म्हणून मुलांना आणि पालकांना रुग्णालयातच अडवून ठेवल्याच्या नोंदी आहेत. एकदा ते भोगलं की कोण परत येईल? तिथल्याच अभ्यासात विमा असलेल्या कुटुंबांनी उपचार सोडण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलं. घानाने २०२२ पासून राष्ट्रीय आरोग्य विम्यात मुलांचे चार कर्करोग घेतले : ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), बर्किट, रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग) आणि विल्म्स. धोरणाचं काम करणाऱ्यांसाठी हा दाखला फार उपयोगी आहे.

छोट्या गटाला करता येण्यासारखं असं :

दाखल करतानाच दोन मोबाइल नंबर घ्या, शिवाय शेजारी किंवा गावप्रमुखाचा एक. भेटीच्या आदल्या दिवशी फोन. मूल आलं नाही तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा फोन, आणि आठवड्यात कोणीतरी घरी जायचं. बसभाडं तिकीट बघून त्याच दिवशी, रोख किंवा मोबाइल मनीवर. "महिनाअखेरीस देऊ" म्हटलं की माणूस येत नाही, कारण येण्यासाठी त्याने ते व्याजाने काढलेलं असतं. रुग्णालयाजवळ राहायची खोली, चूल आणि पालकाचंही जेवण. नुसतं मुलाचं जेवण दिलं तर ताटातला अर्धा घास उपाशी आईच्या पोटात जातो, आणि कोणी तिला दोष देऊ नये.

समुपदेशन खरं लागतं ते रेटिनोब्लास्टोमात. डोळा काढायचा म्हटल्यावर कुटुंब निघून जातं आणि सहा महिन्यांनी गाठ डोळ्याबाहेर आलेली असते. तिथे तोंडी समजावण्यापेक्षा कृत्रिम डोळा हातात द्यावा, आणि तो बसवलेल्या मुलाच्या आईशी गाठ घालून द्यावी. कृत्रिम डोळा लगेच मिळेल याची खात्री नसेल तर हे वचन देऊ नका. लवकर ओळखण्यासाठी केनियाने माता-बाल आरोग्य पुस्तिकेत बुबुळातली पांढरी चमक बघण्याची सूचना घातली आहे. लस द्यायला आलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे त्या निमित्ताने बघितले जातात.

कडुलिंब

एक सावधगिरी. या सगळ्यावरून औषधांना कमी लेखू नका. दिवसभराचा प्रवास करून आई येते आणि विनक्रिस्टीन संपलेलं असतं, तेव्हा तिचा विश्वासही त्याच दिवशी संपतो. पण औषध विकत घेऊन पाठवण्यापेक्षा साठ्याचा हिशेब सुधारायला मदत करा : मागच्या वर्षी किती मुलं, कोणता आजार, सरासरी वजन, त्यावरून महिन्याची गरज आणि वर तीन महिन्यांचा राखीव साठा. ल्युकेमियावरच्या अस्पॅराजिनेज या औषधाला २ ते ८ अंशांचा फ्रिज लागतो, आणि वीज गेली की तो जनरेटरवर आहे का ते आधी विचारा. मुदत संपत आलेल्या औषधांची देणगी कोणी देत असेल तर नाही म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये २०३० पर्यंत निदान ६० टक्के मुलं वाचवण्याचं ध्येय ठरवलं. त्यानंतर अमेरिकेतल्या सेंट ज्यूड या बालरुग्णालयासोबत २०२१ मध्ये औषधपुरवठ्याची मोठी योजनाही जाहीर झाली. तुमच्या निधीने ती जागा भरणार नाही. तुम्ही भाडं, खोली, जेवण आणि रात्रीची नर्स भरा.

मोजपट्टी

सहमत. आणि रुग्णालयाला पहिल्या पत्रातच विचारा की उपचार सोडलेली मुलं ते कशी मोजतात. सलग चार आठवडे किंवा जास्त काळ ठरलेला उपचार चुकला की उपचार सोडला, अशी सर्वमान्य व्याख्या आहे. पुष्कळ ठिकाणी अशी मुलं आकडेवारीतूनच वगळतात आणि जगण्याचं प्रमाण छान दिसतं. ज्या रुग्णालयाकडे या मुलांची नावानिशी वही असेल, तिथून सुरुवात करा.