घाटातली दुचाकी आणि वळणावर थांबणारे सोबती : अनुभव सांगा

घाटवाट :
गेल्या आठवड्यात चारचाकीने कोकणात जाताना कशेडीच्या बोगद्यातून काही मिनिटांत पलीकडे निघालो. ज्या जुन्या घाटात आम्ही मित्र दुचाकीवरून रमतगमत उतरत असू, तो घाट या वेळी दिसलासुद्धा नाही, याची रुखरुख लागली. बोगदा झाला हे चांगलेच झाले, कारण त्या घाटाने फार अपघात पाहिले आहेत. पण त्या निमित्ताने जुने रविवार आठवले.

पुण्याहून पहाटे निघून भोर, वरंध घाट, बिरवाडी, महाड, पोलादपूर, मग आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वर, आणि पसरणी घाटाने वाईला उतरून रात्रीपर्यंत घरी, असा सुमारे ३०० किलोमीटरचा आमचा आवडता फेरा होता. नीरा देवघरच्या जलाशयाचा काठ धरून गेलेला रस्ता, वाघजाईच्या मंदिराजवळचा चहा आणि गरम भजी, आणि तिथून खाली दिसणारे कोकण हे सारे मनात आहेच. मात्र मला सर्वांत मोलाची वाटते ती आमच्यातल्या एका थोरल्या मित्राने घालून दिलेली रीत : प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची, आणि फाटा आला की मागचा आरशात दिसेपर्यंत तिथून हलायचे नाही. घाटात मागे पडलेला माणूस गाठण्यासाठी घाई करतो आणि त्या घाईतच वळण चुकते. आपल्यासाठी कोणीतरी नक्की थांबलेले आहे, हे ठाऊक असले की तो स्वतःच्या वेगाने चालवतो. घाटात तुमच्यासाठी कोणी थांबले असेल, किंवा तुम्ही कोणासाठी थांबला असाल, तर ते अनुभव इथे अवश्य लिहावेत.

जुनी येझदी :
आंबा घाट, कोल्हापूरहून रत्नागिरीकडे, आणि काळ ऐंशीच्या दशकाचा शेवट. आमच्यात दोघांकडे येझदी आणि एकाकडे बुलेट होती. चढावर बुलेटवाला निवांत असे आणि आम्ही पुढे निघून जात असू. उतारावर मात्र चित्र पालटत असे. येझदीचे टू-स्ट्रोक इंजिन थ्रॉटल सोडल्यावर गाडीला फारसे रोखून धरत नाही, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ते ड्रमब्रेक तापले की लिव्हर दाबूनही गाडी पुरेशी आवरत नाही. शिवाय येझदीत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, म्हणजे थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरलो तर इंजिनाला तेलही कमी मिळते. म्हणून आम्ही अधूनमधून थ्रॉटल थोडा देत, आणि ब्रेक निवावेत म्हणून कठड्यापाशी थांबत थांबत साखरप्याकडे उतरत असू. बुलेटवाल्याला थांबण्याची काही गरज नव्हती, तरी तो प्रत्येक वेळी थांबला. प्लगवर काजळी धरली की तो स्वतः पाना काढून बसत असे, आणि आम्ही रस्त्याकडे लक्ष ठेवत असू. त्याची गाडी मागितली तर मात्र देत नसे, कारण जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, आणि अनोळखी पायांनी ती घाटात चालवणे धोक्याचे, असे त्याचे म्हणणे होते. ते योग्यच होते, असे आज वाटते.

मीनल_ठाणे :
काका, प्लगची आठवण वाचून माझे बाबा डोळ्यांसमोर आले. प्लग घासायला त्यांच्या खिशात कायम पॉलिशपेपरचा तुकडा असे.

कोयनाकाठ :
कुंभार्ली घाटात हिवाळ्यात येणाऱ्यांसाठी लिहितो, कारण मी याच रस्त्यावर वाढलो. कराड ते पाटण या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, आणि अंधारात त्यांच्या मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असे नाही. हेळवाकच्या पुढे घाट लागतो आणि पोफळीपर्यंत वळणे संपत नाहीत. एसटीचा चालक आंधळ्या वळणाआधी हॉर्न देतो. तो ऐकू आला की तिथेच डावीकडे गाडी धरून थांबावे, कारण त्या लांब गाडीला वळायला रस्त्याची सगळी रुंदी लागते. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा नियम तर आहेच. आमच्या गटात पुढचा चालक हाताने खूण करून मागच्यांना खडी, तेल किंवा जनावर असल्याचे कळवतो. वळणांच्या भागात आम्ही जोडीने चालवत नाही, एकामागे एक असतो, कारण वळणावर प्रत्येकाला आपली वाट निवडायला पूर्ण जागा हवी.

सह्यकन्या :
गगनबावड्याला दोन घाट फुटतात, एक करूळ आणि दुसरा भुईबावडा, आणि ऑगस्टच्या धुक्यात पाटी दिसली नाही तर काय होते ते आम्ही अनुभवले आहे. पुढचे सगळे करूळने उतरले. मी आणि माझी मैत्रीण सर्वांत शेवटी होतो आणि फाट्यावर कोणीच थांबलेले नसल्यामुळे समोर दिसला तो रस्ता धरला. फोनला रेंज नव्हती. रस्त्यावर शेवाळ होते, वरून पाणी वाहत होते, आणि दोघींपैकी कोणीही बोलत नव्हते. खाली गावात एका टपरीवाल्या आजोबांनी आम्हाला बसवले, चहा दिला, आणि हा भुईबावड्याचा घाट आहे, इथूनही वैभववाडीला जाता येते, असे शांतपणे समजावले. वैभववाडीच्या एसटी स्थानकात बाकीचे भिजून उभे होते आणि त्यांच्यातले दोघे आम्हाला शोधायला पुन्हा घाट चढून गेले होते. ते परत येईपर्यंत कोणी जेवले नाही. त्या दिवसापासून फाट्यावर थांबण्याचा नियम आमच्याकडेही आला. घाटवाट, तुमच्या त्या थोरल्या मित्रासारखा कोणी आमच्यात आधीपासून असता, तर किती बरे झाले असते.

घाटवाट :
सह्यकन्या ताई, वाचताना अंगावर काटा आला. तुम्ही दोघी एकमेकींसोबत राहिलात, हे फार महत्त्वाचे आहे.

मीनल_ठाणे :
मी अनेक वर्षे मागच्या सीटवर बसून घाट पाहिले आहेत, आणि त्या बाजूने कोणी फारसे लिहीत नाही म्हणून लिहिते. गाडी वळणात झुकते तेव्हा मागच्या माणसाने घाबरून उलट्या बाजूला कलू नये. चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून वळणाकडे पाहत राहावे, म्हणजे शरीर आपोआप योग्य तेवढे झुकते. हे मला नवऱ्याने नव्हे, त्याच्या मित्राच्या बायकोने माळशेज घाटात शिकवले. आता मी स्वतः चालवते. एक गोष्ट मात्र गटाचे नियोजन करणाऱ्यांनी मनावर घ्यावी, अशी कळकळीची विनंती आहे : स्त्रियांसाठी स्वच्छतागृह कुठे मिळेल, हे निघण्याआधीच ठरवावे. ते ठाऊक नसल्यामुळे बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मग दुपारच्या उन्हात डोके जड होऊन लक्ष विचलित होते. हा सोयीचाच नव्हे, सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

सह्यकन्या :
मीनल ताई, अगदी खरे आहे. आम्ही आता थांबे याच हिशोबाने ठरवतो.

अटलांटावासी :
इथे आम्ही काही मराठी मित्र शरद ऋतूत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरच्या डील्स गॅपला जातो. तिथे यूएस १२९ या रस्त्याच्या ११ मैलांत ३१८ वळणे आहेत, आणि त्या पट्ट्याला ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ म्हणतात. वेगमर्यादा ताशी ३० मैल आहे. ती मोडणाऱ्यांच्या पडलेल्या गाड्यांचे तुकडे तिथल्या एका झाडाला टांगून ठेवलेले आहेत. मला तिथली एक पद्धत फार आवडते. मागून कोणी वेगाने आले तर पुढचा चालक रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत वळून त्याला वाट देतो, जाणारा हात किंवा पाय हलवून आभार मानतो, आणि कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. मी सावंतवाडीचा आहे. आंबोली घाटात वेगळीच सावधगिरी लागते, कारण तिथे पावसाळ्यात धबधब्यापाशी माणसे आणि उभ्या गाड्या यांनी रस्ता भरलेला असतो. तरीही सोबत्यांसाठी थांबण्याची सवय मी आंबोलीतच शिकलो आणि ती इथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

नवा_चालक :
वरंध घाट सध्या सुरू आहे का? जुलैत जाण्याचा विचार आहे.

महाडकर :
कृपया जुलैत येऊ नका. दरडींच्या भीतीने प्रशासन पावसाळ्यात हा घाट वाहतुकीसाठी बंद करते, आणि ते बंद करणे योग्यच असते. २२ जुलै २०२१ रोजी आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. डोंगर कधी सुटेल हे इथे जन्म काढलेल्यालाही सांगता येत नाही. बॅरिकेडच्या कडेने दुचाकी सहज आत जाते, आणि तसे करणारी मुले आम्ही दर वर्षी पाहतो. अडकली तर त्यांना काढायला इथल्याच लोकांना जावे लागते. नोव्हेंबरमध्ये या, हवा स्वच्छ असते, गवत पिवळे झालेले असते आणि आम्ही चहाला बोलावू.

नवा_चालक :
धन्यवाद दादा, नोव्हेंबरमध्येच येतो. मग पावसाळ्याआधी सरावासाठी कोणता घाट निवडावा? माझ्याकडे १५० सीसीची गाडी आहे आणि बरोबर दोन मित्र असतील.

घाटवाट :
पसरणी घाट निवडावा आणि तो वाईकडून चढावा, कारण उतरण्यापेक्षा चढताना वळण शिकणे सोपे जाते. वळणाआधी वेग आणि गिअर कमी करून घ्या, वळणात नजर चाकापुढे न ठेवता रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे ठेवा, आणि समोरचे दिसत नसेल तर आपली डावी बाजू सोडू नका. पाचगणीला थोडे थांबून त्याच रस्त्याने परत उतरा. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरलात तर ब्रेकवर ताण येणार नाही. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या फार असतात, म्हणून शक्यतो मधला वार घ्या आणि वाईतून सकाळी सातच्या आत निघा. तिघांपैकी ज्याचा सराव सर्वांत कमी आहे, त्याला मधे ठेवा.