समुद्रकाठच्या गावात जेवायचं कुठे: पाण्यासमोर की गावात?

ओहोटी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात चार दिवस एका समुद्रकाठच्या गावात होतो. पहिल्या संध्याकाळी सगळे बसतात तिथेच बसलो, लाटांसमोर. लॅमिनेट केलेलं जाडजूड मेनूकार्ड आलं. पंचवीसेक प्रकारची मासळी, आणि काहीही विचारा, वेटर म्हणतो 'आहे, एकदम ताजी'. आमच्या टेबलावरूनच वाळूत वर ओढून ठेवलेल्या होड्या दिसत होत्या. दोन दिवस वारा एवढा होता की एकही होडी पाण्यात गेली नव्हती. मग ही ताजी मासळी आली कुठून?

दुसऱ्या दिवशी बाजारामागच्या गल्लीत सहा बाकड्यांची खानावळ सापडली. आत शिरताच बाईंनी सांगितलं, "आज मासळी नाही. वाऱ्यामुळे कोणी गेलंच नाही. भाजी आहे, चालेल का?" चालली. तिसऱ्या दिवशी वारा पडला. त्यांनी पाटीतला मासा उचलून कल्ला बोटाने वर केला आणि आत लालभडक दाखवला. डोळा फुगीर, काचेसारखा. अंगठ्याने पोट दाबलं तर खळगा लगेच भरून आला.

माझं म्हणणं एवढंच आहे की समुद्रकाठी जाऊन जेवायचं तर जिथे 'आज नाही' असं तोंडावर सांगतात तिथे जेवावं. समोरच्या देखाव्यासाठी जास्तीचे पैसे देऊन खोटं ऐकून घेऊ नये. इतरांचं काय मत?

भटारखाना

पूर्ण असहमत. मी अकरा वर्षं किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या भटारखान्यात काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी 'ताजी' या शब्दाचं बघू. लहान होडी पहाटे जाळं ओढते आणि उन्हं चढल्यावर परत येते. बर्फ नेलेला नसला तर मासळी चार-पाच तास ओल्या पोत्याखाली पडून असते. ती 'आजची' असते, पण चांगली असेलच असं नाही. उलट मोठ्या बोटीवर पकडल्यावर काही तासांत गोठवलेला मासा महिन्यानंतरही तिच्यापेक्षा सरस निघू शकतो.

ही नुसती चवीची गोष्ट नाही. बांगडा, ट्यूना यांच्यासारखे मासे उबेत राहिले की जिवाणू त्यांच्यात हिस्टामीन तयार करतात. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, नंतर गोठवूनही जात नाही. वासावरूनही कळेलच असं नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात, आणि माणूस समजतो आपल्याला माशाची ॲलर्जी आहे. यावर उपाय एकच, पकडल्यापासून थंडावा. चार अंशांच्या खाली. गल्लीतल्या खानावळीत तेवढा बर्फ असतो का, हे विचारलंत का?

कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाणाऱ्यांनी तर गोठवलेलाच मागावा. त्यातल्या कृमींसाठी अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचा दंडक उणे २० अंशांवर ७ दिवस असा आहे. तिथे 'आत्ताच आलाय' ही धोक्याची सूचना आहे.

आणि वेटर खोटं का बोलतो? कारण गिऱ्हाईक 'गोठवलेला' हा शब्द ऐकला की उठून जातं. आम्ही खरं सांगून पाहिलंय. टेबलं रिकामी झालेली पाहिलीत.

ओहोटी

@भटारखाना, बर्फाचं मी विचारलं नव्हतं, हे कबूल. पण 'गिऱ्हाईक उठून जातं म्हणून खोटं सांगतो' हे मला पटत नाही. गोठवलेला आहे असं कार्डावर छापा की. मी बसेन.

दोन_पोरांची_आई

मला हा वादच कळत नाही. बरोबर गुडघे दुखणारी सासू आणि उन्हाने रडकुंडीला आलेली दोन पोरं असताना मी गल्लीबोळांत 'अस्सल' खानावळ शोधत फिरायचं? समोरच्या हॉटेलात सावली असते, पंखा असतो, स्वच्छ संडास असतो, पाठ टेकायला खुर्ची असते. पोरं वाळूत खेळतात आणि मी त्यांच्यावर नजर ठेवून गरम घास खाते. वर्षातून एकदा मिळतो तो मला. देखाव्याचे पैसे मी आनंदाने देते.

भूजल

धाग्यात सगळे ताटाबद्दल बोलताहेत, पेल्याबद्दल कोणीच नाही. माझं काम विहिरींचं आहे, म्हणून राहवत नाही.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. दोघांच्या घनतेत फरक फार थोडा, १ आणि १.०२५. त्यामुळे साधारण असा हिशोब बसतो की समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली ४० मीटर खोलपर्यंत गोडं पाणी असतं. आता हेच उलटं करा. उपसा करून वरची पातळी १ मीटरने उतरवली, की खालचं खारं पाणी कालांतराने ४० मीटर वर सरकू शकतं. बोअरवेलला खारटपणा यायला लागला की तो जायला वर्षानुवर्षं लागतात.

गर्दीचे महिने बहुतेक ठिकाणी कोरडेच असतात, म्हणजे पाऊस भर घालत नसताना उपसा सर्वांत जास्त. म्हणून मी हॉटेल कुठलंही असो, न मागता भरून ठेवलेला पेला परत पाठवते आणि हवं तेव्हाच पाणी मागते. ज्या विहिरीवर त्या गावाची घरं चालतात तीच विहीर आपण पाहुणे रिकामी करत असतो. ओहोटीताईंच्या खानावळीत मागितल्यावरच पेला भरत असतील तर ती पाण्याच्या दृष्टीनेही बरी, पण ते योगायोगाने.

(बर्फाबद्दल: पेल्यात पडणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे का, हे विचारायचंच. मासळीचा बर्फ वेगळा.)

नावात_काय

@भटारखाना, गोठवलेला चालेल, पण तो मासा तरी तोच असतो का? ओशियाना या संस्थेने २०१० ते २०१२ मध्ये अमेरिकेत १,२१५ नमुन्यांची डीएनए तपासणी केली. त्यातल्या ३३ टक्क्यांवर चुकीचं नाव होतं. सोललेला, कापलेला, मसाल्यात बुडवलेला तुकडा कशाचा आहे हे तुम्हा-आम्हाला कळत नाही. अख्खा मासा डोक्यासकट दाखवणारी खानावळ मला म्हणूनच जवळची वाटते. ओहोटींना +१.

होडीकाठ

आमचं घर तीन पिढ्या मासेमारीवर आहे. गावाचं नाव लिहीत नाही.

दोन्ही बाजूंनी आम्हाला धरून बोलताय म्हणून सांगतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलाला वर्षभर तेच चार मासे हवे असतात, आणि तेही ताटात अख्खे मावतील एवढेच. ताटाच्या मापाचा म्हणजे बऱ्याच जातींत अजून एकदाही अंडी न घातलेला मासा. मोठा आणला तर म्हणतात तुकडे करावे लागतात, काटेरी आणला तर म्हणतात गिऱ्हाईक खात नाही. जाळ्यात मात्र जे येतं ते येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ सालच्या स्थितीबद्दल जे मांडलं, त्यात तपासलेल्या सागरी साठ्यांपैकी ३७.७ टक्के साठ्यांतून झेपेल त्याहून जास्त मासेमारी होते. ते आकडे वाचायच्या आधीच आम्हाला जाळ्याच्या वजनावरून कळत होतं.

पण ओहोटीताई, तुमच्या गल्लीतल्या खानावळीबद्दलही बोलू द्या. तिथे बंदरावर पाट्या वाहणारे, बर्फ फोडणारे, जाळी विणणारे दुपारी जेवतात. कोणीतरी फोटो टाकतो, महिन्याभरात बाहेर रांग लागते. मग दर वाढतो आणि आमची माणसं दाराशी उभी राहून परत जातात. आमच्या इथे हे झालंय. जिथे पाट्या वाहणारा म्हातारा वीस वर्षं एकाच बाकावर बसायचा, तो आता घरून डबा आणतो. यायचं तर जरूर या. पण दुपारी दीडनंतर या, आमची जेवणं उरकल्यावर. आणि जागेचा पत्ता जगाला सांगू नका.

ओहोटी

@होडीकाठ, त्या खानावळीचा फोटो मी टाकला होता. आत्ता काढून टाकला.

@दोन_पोरांची_आई, माझ्या लिहिण्यात समोर बसणाऱ्यांना कमी लेखल्यासारखं झालं असेल तर माफ करा. सासूबाईंना घेऊन मीही तिथेच बसले असते.

@भटारखाना, तुमचं बर्फाचं पटलं. पुढच्या वेळी कल्ल्याआधी बर्फाची पेटी उघडून दाखवा म्हणेन. तरी 'आज नाही' म्हणता येणं ही माझी अट राहणारच. ज्या हॉटेलात सगळं रोजच असतं तिथे काय कधीचं आहे हे कोणाला धड माहीतच नसतं, मालकालाही.

भटारखाना

शेवटच्या वाक्याशी सहमत, हे मोकळेपणाने लिहितो. आमच्याकडे वेटरला 'नाही' म्हणायची मुभाच नव्हती. नाही म्हटलं की गल्ल्यावरून बोलणी खायची.

त्यामुळे वेटरला 'ताजं आहे का' असं विचारूच नका, त्याला एकच उत्तर देता येतं. 'आज कोणती होडी आली, आणि त्यात काय होतं?' असं विचारा. माहीत असेल तर तो खूश होऊन सांगेल. नसेल तर आत जाऊन आचाऱ्याला विचारून येईल, आणि आचारी सहसा खरं सांगतो. मी तरी सांगायचो.

होडीकाठ

आणि होडीत जे होतं म्हणतील ते मागवा, नाव ऐकलेलं नसलं तरी. काटे जास्त असतील तर काढायचे कसे ते बाई दाखवतात.