वसईतल्या शेतकरी आजोबांवर स्मरणलेख लिहायचा आहे, माहिती कुठून आणि कशी जमवावी?

वाडीकर_नातू

आमचे आजोबा गेल्या आठवड्यात देवाघरी गेले. वय ९१. वसई तालुक्याच्या पश्चिम भागात, नंदाखाल-आगाशी पट्ट्यात, जन्मभर वाडी केली: केळी, पानवेल, थोडं भात, शेवटी शेवटी सोनचाफा. सहा मुलं, पंधरा नातवंडं. महिन्याच्या मिस्सेत (महिना झाल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनाविधीत) दोन शब्द बोलायचे आहेत आणि घरच्यांसाठी सोळा पानांची छोटी पुस्तिका छापायची आहे.

लिहायला बसलं की "कष्टाळू, प्रेमळ, देवभीरू होते" यापुढे गाडी सरकत नाही. जन्मतारीखसुद्धा तीन कागदांवर तीन आहेत. कोणते कागद बघावेत, वाडीच्या कामातलं काय विचारून ठेवावं आणि मिस्सेत किती बोलावं, हे जाणकारांनी सांगावं. आजी ८६ वर्षांची आहे, स्मरण चांगलं आहे.

---

नोंदवही

तारखेपासून सुरुवात करा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती तारीख बाजूला ठेवा. त्या पिढीत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून लिहीत. खरी तारीख देवळातल्या (म्हणजे चर्चमधल्या) बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मिळते. तिथे जन्म आणि बाप्तिस्मा अशा दोन्ही तारखा असतात, आईवडिलांची नावं असतात आणि धर्ममाता-धर्मपिता कोण तेही असतं. त्याच नोंदीच्या समासात पुढे दृढीकरण (मोठेपणी श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि लग्न टिपलेलं असतं, म्हणजे एका ओळीवरून अर्धं आयुष्य लागतं. धर्मग्रामाच्या (त्या भागाच्या चर्चच्या) कार्यालयात अंदाजे वर्ष, वडिलांचं नाव आणि गावातली आळी सांगा. नुसतं नाव सांगितलंत तर त्या वर्षी त्याच नावाची चार मुलं निघतील.

नावांच्या बाबतीत सावध राहा. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज वळणाच्या असतात. देवळात सेबास्तियानुस, सातबाऱ्यावर बस्त्याव आणि रेशनकार्डावर सेबेस्टियन ही एकच व्यक्ती असते. इनास म्हणजे इग्नेशियस, जुझे म्हणजे जोसेफ, दुमिंग म्हणजे डॉमनिक. तलाठ्यांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आहे. हे न कळल्यामुळे लोक स्वतःच्याच पणजोबांची नोंद पुढे ढकलून देतात. पुस्तिकेत तिन्ही रूपं द्या, पुढच्या पिढीला शोधायला सोपं जाईल.

दुसरा कागद सातबारा. संगणकावरचा नको, त्यात फक्त आजची स्थिती दिसते. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल मागा. सर्व्हे नंबर आणि गाव लिहून द्यावं लागतं. वरचा नमुना ७ मालकीचा, खालचा नमुना १२ पिकांचा. या खालच्या भागात वर्षवार पीक असतं. एका वर्षी "भात", पुढे "केळी", मग "पानवेल", आणि पाण्याच्या रकान्यात "विहीर". आजोबांनी कोणत्या साली काय लावलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नसेल, तिथे ते लिहून ठेवलेलं असतं.

वर नावाशेजारी गोलात आकडे दिसतील, ते फेरफार क्रमांक. प्रत्येकाची नक्कल काढा. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, सगळं त्यात उलगडतं. १९५७ च्या आसपासचा फेरफार असेल तर नीट वाचा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कुळ कायद्याने कसणारा मालक मानला गेला. तुमच्या आजोबांचं वय तेव्हा पंचविशीच्या आत असणार, म्हणजे नाव त्यांच्या वडिलांचं असेल. त्या कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरली का आणि ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं का, ते बघा. घरात जुन्या पेटीत ते प्रमाणपत्र असेल तर पुस्तिकेत त्याचा फोटो हवाच. जमीन घरात कशी आली हे शेतकऱ्याच्या चरित्रात पहिल्या पानावर असायला हवं.

"इतर हक्क" हा रकानाही विसरू नका. विहिरीत तिसरा हिस्सा, वाटेचा हक्क, सोसायटीचं कर्ज, सगळं तिथे असतं.

---

राजेळी

कागदांचं वर आलंच आहे. माझं म्हणणं कामाबद्दल. "कष्टाळू होते" हे वाक्य काढून टाका आणि त्या जागी एका दिवसाचं काम लिहा. त्यासाठी आजीला "आजोबा कसे होते?" असं विचारू नका, ती "चांगले होते" म्हणेल आणि रडेल. वस्तू हातात देऊन विचारा. कोयता, पाटी, लोंगर (केळीचा घड) बांधायची दोरी पुढे ठेवा. "मुनवा (केळीचं पिल्लू) काढताना किती उंचीचा घ्यायचे? कोणत्या महिन्यात? लोंगर उतरवताना खाली कोण धरायचं?" हात चालायला लागले की बोलणं आपोआप येतं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, एका वेळी पाऊण तास पुरे, पंखा बंद ठेवा. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत खरा माल निघतो.

घरी कादोडी (तिथली बोली) बोलत असतील तर कादोडीतच बोलू द्या. तिथल्या तिथे शुद्ध मराठीत फिरवलं तर अवजारांची आणि पाण्याची निम्मी नावं हरवतात. मूळ शब्द ठेवा, समोर मराठी अर्थ द्या.

केळीची जात नक्की विचारा. नुसतं "केळी" लिहू नका. बसराई ही मुंबईच्या बाजाराची, लवकर येणारी, ठेंगणी. राजेळी उंच, उशिरा येणारी, तिची सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) व्हायची. मुठेळी, तांबेळी, वेलची बांधाकडेला, घरच्यासाठी. कोण किती खुंट (केळीची झाडं) लावत होतं यावरून त्या घराचं गणित कळतं. बसराई जास्त म्हणजे महिन्याची रोकड हवी होती. राजेळी जास्त म्हणजे घरात सुकेळी करणारे हात होते.

सुकेळी घरी होत असेल तर त्याला दोन पानं द्या, कारण ती करणारी घरं आता फार थोडी राहिली आहेत. पाऊस सरून आभाळ कोरडं झाल्यावर काम सुरू होतं. पूर्ण पिकलेलं पण लिबलिबीत न झालेलं राजेळी केळं सोलायचं, वरचे दोरेही काढायचे. जमिनीपासून उंच मांडवावर एकमेकांना न चिकटवता मांडायचं, रोज उलटायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं म्हणजे दव बसत नाही. साधारण आठवडाभरात रंग मधासारखा होतो आणि केळं बोटभर उरतं. मग केळीच्याच सुक्या सोपात (खोडाच्या सालीत) घट्ट बांधायचं. केळं कच्चट घेतलं तर सुकेळी पांढरट आणि चिवट होते. जास्त पिकलेलं मांडवाला चिकटतं. मध्ये दोन दिवस आभाळ आलं की आंबूस वास सुटतो आणि सगळी खेप जाते. म्हणून या माणसांची नजर सारखी पश्चिमेच्या आभाळाकडे असे. आजोबा ढग ओळखत असतील, तर कशावरून ओळखत ते विचारून घ्या.

सोनचाफ्याचं एवढंच: फूल पहाटे, पूर्ण उमलायच्या आधी तोडावं लागतं आणि सकाळच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात पोचवावं लागतं, उशीर झाला की भाव पडतो. तोडायला कोण, न्यायला कोण, हे लिहिलंत की सगळं कुटुंब आपोआप लेखात येतं. "कुटुंबवत्सल" हा शब्द वापरायची गरज उरत नाही.

---

वाडीकर_नातू

दोघांचेही मनापासून आभार. आजी म्हणते विहीर तीन भावांत सामाईक होती आणि रहाट होता, नंतर इंजिन आलं. रहाटाबद्दल नेमकं काय विचारू? आणि मिस्सेचं कुणी सांगेल का?

---

बावखल

रहाटाचे भाग आधी समजून घ्या म्हणजे प्रश्न सुचतील. बैल किंवा रेडा गोल फिरतो, त्याने आडवं दातेरी चाक फिरतं, ते उभ्या चाकाला फिरवतं, आणि विहिरीवरच्या चाकावरून लोट्यांची माळ खाली-वर होते. लोटे आधी मातीचे असत, पुढे पत्र्याचे डबे आले. वर आलेलं पाणी पन्हळीत पडतं आणि तिथून पाटाने वाडीत जातं. विचारा: लोटे कोण बांधायचं, फुटला तर बदलायला किती वेळ जायचा, जनावर कोणाचं, त्याला हाकायला कोणतं मूल बसायचं, आणि तीन भावांची पाळी कशी होती. पाळी दिवसांवर होती की खुंटांवर, उन्हाळ्यात बदलायची का? सामाईक विहिरीचं घर एकत्र राहिलं की भांडलं, हे पाळीवरून कळतं. भांडण झालं असेल आणि मिटलं असेल तर कसं मिटलं तेही लिहा. मेलेल्या माणसाचा त्यात अपमान नाही.

रहाट का गेला हेही समजून लिहा. पाणी वर असलेल्या विहिरीवरच तो चालतो. पाणी खाली गेलं की माळ लांबते, वजन वाढतं, जनावर दमतं. इंजिन आणि मग विजेचा पंप आला तसा उपसा वाढला. पुढे टँकरने वसईचं गोडं पाणी बाहेर जाऊ लागलं. किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. केळीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी दिसायला लागल्या की समजायचं विहीर मचूळ झाली. बावखलं, म्हणजे वाडीतली छोटी तळी, हा त्यावरचा जुना उपाय होता. पावसाचं पाणी त्यात साठून जमिनीत मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. ती बुजवली तिथे फरक लगेच दिसला. वाडीत बावखल होतं का, कधी बुजवलं, कोणी आणि का, हे विचाराच.

यातूनच हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने. १९९० मध्ये सिडकोकडे (शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे) वसईचं नियोजन गेल्यावर जमीन विकायची की ठेवायची, हा प्रश्न घराघरांत आला. आजोबांनी वाडी ठेवली ना? मग त्या वर्षांत त्यांना कोणी काय देऊ केलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं, ते मुलांना विचारा. तुमच्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद तिथे आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

---

आगेरा

मिस्सेचं. मिस्सेतलं प्रवचन म्हणजे मृताचं गुणगान नव्हे, ते शुभवर्तमानावर (बायबलमधल्या येशूच्या चरित्रावर) असतं. म्हणून घरच्यांचे दोन शब्द प्रवचनाच्या वेळी ठेवू नका. अंत्यविधीच्या मिस्सेत ते कम्युनियननंतरच्या (पवित्र भाकर दिल्यावरच्या) प्रार्थनेनंतर, अखेरच्या निरोपाआधी होतात. महिन्याच्या मिस्सेतही साधारण कम्युनियननंतरच ठेवतात, पण फादरांना आधी विचारा आणि लिहिलेला कागद दाखवा. एकानेच बोलायचं, तीन मिनिटं. म्हणजे साडेतीनशे शब्द, मोठ्या अक्षरात दीड पान. वाचताना गळा दाटून आला तर पुढचं वाचायला दुसऱ्या कुणाकडे प्रत देऊन ठेवा.

या तीन मिनिटांत एकच गोष्ट घ्या. सातबारा, कुळ कायदा, सिडको हे सगळं पुस्तिकेत जाऊ द्या. देवळात बसलेल्या माणसांना आगेऱ्याची (नव्या पिकाच्या सणाची) आठवण पुरते: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या घेऊन ते देवळात कसे यायचे, कणसं कोणत्या खाचरातली निवडायचे, आशीर्वादित लोंबी घरी कुठे ठेवायचे. श्रद्धा आणि शेती तिथे एकाच हातात दिसते.

पुस्तिकेसाठी धर्मजीवनाचे प्रश्न: लहानपणी वेदीसेवक (मिस्सेत फादरांना मदत करणारा मुलगा) होते का? असतील तर लॅटिनमधली उत्तरं पाठ असणार, कारण मिस्सा मराठीत आली ती १९६० च्या दशकात. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले होते, त्या वेळी गावातून कोण कसं गेलं, हे त्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकाला आठवतं. रोजारी (जपमाळेची प्रार्थना) घरात किती वाजता आणि कोण सुरू करायचं? क्रुसाच्या सणाला त्यांच्याकडे कोणतं काम असायचं? देवळाच्या कोणत्या संस्थेत होते? नुसतं "देवभीरू" लिहिण्यापेक्षा "सात वाजले की पंप बंद करून रोजारीला बसायचे" असं, जे खरं असेल ते लिहा.

जुनी प्रमाणपत्रं वाचताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत झाला, त्याआधीच्या कागदांवर मुंबई महाधर्मप्रांताचा उल्लेख असेल. आणि १ ऑगस्ट २०१४ पर्यंत जिल्हा ठाणे होता. पुस्तिकेत जन्मस्थळाच्या ओळीत "जि. पालघर" लिहिलं तर कोणीतरी बोट ठेवेलच; "तेव्हाचा ठाणे जिल्हा" असं लिहा.

---

नोंदवही

थोडं राहिलं होतं. कबरीचा क्रमांक आणि ओळ आत्ताच टिपून ठेवा. जागेच्या टंचाईमुळे बऱ्याच धर्मग्रामांत कबर ठरावीक वर्षांनी पुन्हा वापरतात, दगडावर विसंबू नका. मुदत किती ते कार्यालयात विचारा.

फोटो स्कॅन करताना मागची बाजूही करा, पेन्सिलीने लिहिलेली नावं तिथेच असतात. आणि फोटोत कोण कोण आहे ते आजीकडून याच महिन्यात लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे, नात्यासकट. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात सगळे नातेवाईक एकत्र येतील तेव्हा कच्ची प्रत हातोहात फिरवा, चुका तिथेच दुरुस्त होतात. छपाई त्यानंतर.